कडी बाहेरून होती

जिंतूर, ४ जानेवारी १९४३

कडूआक्का आणि किशनराव दाजी, दोघांना लिंबाजीचा नमस्कार.

बन्सीधर गुरुजी, हे पत्र आक्काला वाचून दाखवा. दाजी घरी असताना वाचा. ती एकटी असेल तेव्हा वाचू नका, एवढी मेहरबानी करा.

आक्का, तेराव्याला मी आलो नाही. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा शिपाई जबाबासाठी बोलवायला आला होता, त्यामुळं जिंतूर सोडता आलं नाही. गावात कुणी काही बोलत असेल तर हेच सांग.

तुझ्या मुंजाजीची पेटी वालूरच्या गाडीवाल्याबरोबर पाठवली आहे. तिच्यात दोन सदरे, एक पायजमा, भूगोलाचं पुस्तक, कंपास आणि त्याची चित्रांची वही आहे. वहीत इंजिनाची चित्रं आहेत, ती चुलीत घालू नकोस. टोपी सापडली नाही. मी सगळीकडं पाहिली.

तुला एकच सांगतो. त्याला त्रास झाला नाही. त्या विषारी हवेला वास नसतो, धूरही दिसत नाही. माणसाला आधी गुंगी येते, मग झोप लागते. लॉरीच्या चाकाला टेकून बसला होता. मी हाक मारली तेव्हा वाटलं, उठेल आणि म्हणेल, "मामा, डोळा लागला व्हता." शेडचं दार लागलेलं होतं. ते कसं लागलं ते पंचनाम्यात आलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

दाजी बैलगाडी घेऊन आले. बैलांना पाणी पाजलं, गाडीत कडबा पसरला, त्यावर स्वतःचं घोंगडं अंथरलं. मी उचलायला हात लावायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या." आक्का, दाजींनी मला कधीच अहोजाहो केलं नव्हतं.

तुझा भाऊ,
लिंबाजी


जिंतूर, २१ मार्च १९४३

कडूआक्का,

अडीच महिन्यांनी गुरुजींचं कार्ड आलं. तू एकच वाक्य सांगितलंस असं त्यांनी लिहिलंय. "तितं काय करायला गेलं व्हतं माझं लेकरू?"

विचारलंस म्हणून सांगतो. तुझ्या सांगण्यावरूनच मी त्याला वालूरहून नेला, पण तो तिथं रोज काय करत होता हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही.

तुला ठाऊक आहे, मी सिकंदराबादेला बारा वर्षं मोटारींच्या कारखान्यात होतो. आबासाहेबांनी जिंतुरात शाळा काढली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, "पोरं नुसतं पाठ करायलीत, लिंबाजी. त्यांच्या हाताला काही शिकव." त्यांची एक जुनी लॉरी बाभळीखाली पडून होती. इंजिन गंजलेलं, आत कोंबड्या अंडी घालायच्या. ती त्यांनी शाळेला दिली आणि एक पत्र्याची शेड बांधून दिली. शाळा सुटली की बावीस पोरं तिथं यायची.

पहिले दोन महिने मी त्यांना काही जोडू दिलं नाही. नुसतं सोडवायचं आणि धुवायचं. एकेक नट, एकेक बोल्ट रॉकेलच्या डब्यात टाकायचा, घासायचा, पुसायचा आणि गोणपाटावर ओळीनं मांडायचा. बाकीची पोरं कंटाळायची. मुंजाजी प्रत्येक भागाला दोरा बांधून कागदाची चिठ्ठी लावायचा, वर त्याचं चित्र काढायचा. एका सुटीच्या दिवशी मी मुद्दाम एक वॉशर खिशात घातला. त्यानं संध्याकाळपर्यंत जेवण केलं नाही, सगळी शेड झाडून काढली. मी वॉशर दिला तेव्हा रडला नाही, चिडला. "मामा, इंजिनाची मस्करी करू नका. आपल्याला वाटंल चाललंय, आन् त्ये आतून तुटत आसंल."

चौदा वर्षांचं पोर, आक्का.

वॉल्व घासायला पंधरा दिवस लागले. पोरं वॉल्वला लावलेली लाकडी काडी दोन्ही तळहातांत फिरवून फिरवून घासायची, तळवे सोलून निघायचे. तुमच्याच गल्लीतला भुजंग, धुरपताबाईचा, तोही होता. एका खोलीत दोघं राहायचे, एका तव्यावर भाकरी करायचे. भुजंगाच्या हातात ताकद होती, मुंजाजीच्या कानात. पान्याचं एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावून तो सांगायचा, कुठं खडखड होतेय. आबासाहेबांनी कुठून तरी बाटलीभर पेट्रोल आणलं. भुजंगानं हँडल मारलं, तीनदा काही झालं नाही, चौथ्यांदा इंजिन असं धडाडलं की बाजारातलं एक घोडं दावं तोडून पळालं. पोरं नाचायला लागली. मुंजाजी नाचला नाही, बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "मामा, ह्ये तर थरथरायलंय. थंडी वाजल्यावानी."

बाटली दोन मिनिटांत संपली. लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही हे तुझ्याही कानावर असेल. सिकंदराबादेला मी लॉऱ्या कोळशावर चालताना पाहिल्या होत्या. पत्र्याच्या पिंपात लोणारी कोळसा अर्धवट जाळायचा, त्यातून निघणारा गॅस नळीनं गाळून इंजिनात सोडायचा. तसं पिंप पोरांनी स्वतः केलं. पत्रा कापला, रिबिटं मारली, हातानं फिरवायचा पंखा बसवला. आधी पंखा फिरवून विस्तव फुलवावा लागतो. नळीच्या तोंडाशी काडी लावली आणि गॅस निळा जळायला लागला की इंजिन सुरू करायचं. तोवर तो सगळा विषारी गॅस नळीतून बाहेर, शेडच्या हवेत जातो. मुंजाजी त्या दिवशी हाच पंखा फिरवत होता.

हे करायला गेलं होतं तुझं लेकरू.

गुरुजी आणखी लिहितात, की पंचनाम्यात कडीपायी भुजंगाचं नाव आलं म्हणून तू धुरपताबाईच्या दारात जाऊन बोटं मोडलीस, आणि भुजंग घर सोडून निघून गेला, कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. आक्का, तोही लेकरूच आहे. त्याला शाप देऊ नकोस. याच्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

लिंबाजी


परभणी, ९ नोव्हेंबर १९४३

आक्का,

भाऊबीज होऊन आठवडा उलटला. मी आलो नाही, तूही बोलावलं नाहीस. मार्चच्या पत्राला तुझं उत्तर आलं होतं, "भुजंगाची बाजू घेणार आसशील तर मला पत्र धाडू नको." म्हणून इतके दिवस गप्प होतो.

मी शाळा सोडली. इथं परभणीत मोटार स्टँडवर दुरुस्तीचं काम करतो. त्या गोष्टीनंतर लोकांनी पोरं शेडमध्ये पाठवणं बंद केलं. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे मोठे साहेब मुंजाजी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आपली लॉरी बघायला येणार होते, ते नंतर उन्हाळ्यात आले. आबासाहेब गावात नव्हते. साहेबांनी लॉरीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "चलती है?" मी म्हणालो, "जी नहीं." खरं म्हणजे ती चालत होती. मुंजाजी गेला त्या दिवशीही इंजिन ठणठणीत होतं.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती.

त्याच्या आधी तीन दिवस पोरांची डोकी दुखत होती. भुजंगाला ओकारी झाली. मुंजाजी म्हणाला, "मामा, कोळसा डोक्यात बसायलाय." मी त्यांना सुंठीचा काढा दिला आणि सांगितलं, मार्गशीर्षाची थंडी आहे, बाधली असेल. मला ठाऊक होतं ते काय आहे. माझ्या सिकंदराबादच्या उस्तादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "देख लिंबाजी, ये गॅस बोल के नै आती. दरवाजा खुल्ला रख." त्यांचा एक माणूस तसाच गेला होता.

मला ठाऊक असून मी पोरांना काम करू दिलं. साहेब येणार होते, तारीख ठरली होती.

आणि तेराव्याला अमीनसाहेबांचं बोलावणं नव्हतं. मी खोलीतच होतो.

लिंबाजी


सिकंदराबाद, १७ फेब्रुवारी १९४५

आक्का,

सव्वा वर्षानं लिहितो. भुजंग सापडला.

मागच्या दसऱ्यापासून मी त्याला शोधत होतो. पान्याला चटावलेला हात नांगराकडं जात नाही, म्हणून मी आधी जालन्याचे, मग औरंगाबादचे मोटारींचे कारखाने पालथे घातले. शेवटी इथं आलो. माझे उस्ताद आता थकलेत, पण सगळ्या कारखान्यांची खबर ठेवतात. म्हणाले, "एक लडका है तुम्हारे उधर का. हात अच्छा है, मगर पागल है. छत के नीचे काम नै करता."

मी तिथं गेलो. कारखाना मोठा आहे, आत दहाबारा माणसं. भुजंग बाहेर, लिंबाच्या झाडाखाली, उघड्यावर एक इंजिन सोडवत बसला होता. सगळे नट गोणपाटावर ओळीनं मांडलेले. अठरा वर्षांचा झालाय, मिशी फुटलीय. मला बघून उठला आणि पाया पडला. आक्का, तो माझ्या पाया पडला.

"मास्तर, आई बरी हाय का?"

"बरी आहे."

"आन् कडूमावशी?"

 त्यानं हात पुसले, मला हॉटेलात नेलं, चहा सांगितला. कपबशी धरताना त्याचा डावा हात कापत होता. म्हणाला, त्या दिवसापासून कापतो, डोकंही अधूनमधून दुखतं, काही गोष्टी आठवत नाहीत. मग चहा बशीत ओतला आणि म्हणाला,

"मास्तर, तुमाला एक इचारू? मी कोळसा आणायला गेलो तवा दार उघडं व्हतं असं मला वाटायचं. पयल्या साली पक्कं वाटायचं. पण समदे म्हन्ले, तूच लावलंस. मायच्यानं, मारून मारून इचारलं सगळ्यांनी. आता मलाबी वाटायलंय, मीच लावलं आसंल. आदल्या दिसी आमचं भांडन झालं व्हतं, गाडीत म्होरं कोन बसंल म्हनून. मी परत आलो तवा कडी बाहेरून व्हती, येवढं आठवतंय. मी काढली. मंग लावलीबी मीच आसंल न्हवं?"

मी त्याला म्हणालो, "झालं गेलं. चहा घे."

उद्या पुन्हा त्याच्याकडं जाणार आहे.

लिंबाजी


सिकंदराबाद, १९ फेब्रुवारी १९४५

आक्का,

गुरुजी, हे पत्र चार माणसांत वाचा. धुरपताबाईला बोलावून घ्या. मी पाया पडतो, यातलं एक अक्षर गाळू नका.

दार मी लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायचे होते. दुपारपासून वारं सुटलं होतं. नळीच्या तोंडाशी जाळ टिकेना, त्यामुळं गॅस नीट होतोय का नाही ते कळेना. बोनेटला आम्ही हिरवा रंग दिला होता, तो ओला होता, त्यावर राख आणि धूळ बसत होती. कोळसा संपत आला म्हणून भुजंगाला मी पोतं देऊन वेशीबाहेरच्या लोणाऱ्याकडं पाठवला. तो गेला तेव्हा दार सताड उघडं होतं. बाकीची पोरं आधीच घरी गेली होती. आत मी आणि मुंजाजी.

तेवढ्यात आबासाहेबांचा गडी बोलवायला आला. मी मुंजाजीला म्हणालो, "पंखा फिरवत राहा, विस्तव विझू देऊ नको. मी दार ओढून घेतो."

तो म्हणाला, "मामा, उघडंच ऱ्हाऊ द्या की. डोकं लय दुखायलंय."

मी म्हणालो, "घंटाभर सोस. उद्या गाडीत पुढं तूच बसशील."

तो हसला आणि पंखा फिरवायला लागला.

वाऱ्यानं दाराची फळी उघडायची, आपटायची. म्हणून मी बाहेरून कडी घातली.

आबासाहेबांकडं चहा झाला. गावातली दोन मोठी माणसं होती, ती माझी तारीफ करत होती. निजामाच्या राज्यात एवढ्याशा गावात पोरांनी लॉरी उभी केली, म्हणाले, कुठं ऐकलंय का. मला ते गोड लागलं. घंटाभर म्हणून गेलेला मी दीड घंटा बसलो. विस्तवाची आठवण झाली, दाराची झाली नाही.

परत येताना भुजंगाची आरोळी ऐकू आली. त्यानं कडी काढून मुंजाजीला एकट्यानं ओढून बाहेर आणला होता. त्याला खांद्याशी धरून हलवत होता, नावानं हाका मारत होता. मग स्वतःच बाजूला जाऊन पडला आणि ओकायला लागला. चाकाला टेकून बसला होता असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते मी पाहिलंच नव्हतं.

अमीनसाहेब आले. आबासाहेब आले, शाळेची सगळी पोरं गोळा झाली. अमीनसाहेबांनी विचारलं, "आखिर में बाहर कौन निकला?"

मी म्हणालो, "भुजंग."

एवढा एकच शब्द बोललो. पुढचं सगळं लोकांनी केलं. कुणीतरी म्हणालं, काल दोघांचं भांडण झालं होतं. कुणीतरी म्हणालं, गंमत म्हणून कडी घातली असेल. पंचनाम्यात 'चुकीनं' असं लिहिलं, पण लोकांनी तो शब्द वाचला नाही. हेडमास्तरांनी त्याचं नाव काढून टाकलं. त्याच्या चुलत्यानं त्याला चाबकानं मारलं, मी तिथंच उभा होतो. दोन वर्षं दोन महिने झाले, मी तो शब्द परत घेतला नाही.

कामून बोललो म्हणशील. भ्यालो. तुला तोंड कसं दाखवू, म्हणून भ्यालो. तुझ्या दारातून लेकरू मी नेलं होतं. दुसरं काही कारण नाही. मी लय शोधलं, दुसरं सापडलं नाही.

काल भुजंगाला सांगितलं. लिंबाखाली बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं. त्यानं हातातला पाना गोणपाटावर ठेवला.

"मंग मी न्हाई?"

"नाही. तू नाही."

"पक्कं?"

"मी स्वतः घातली कडी. या हातानं."

मला वाटलं होतं मारेल. मारावं असंही वाटत होतं.  तो गुडघ्यात डोकं घालून लहान पोरासारखा रडला. कारखान्यातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. डोकं वर न करता त्यानं विचारलं, "आईला कळवलंय का?"

म्हणून हे पत्र.

लिंबाजी


वालूर, १२ मार्च १९४५
(बन्सीधरच्या हस्ते. कडूबाई सांगतील तसं लिहिलं आहे.)

लिंबाजी,

तुझं पत्र आलं. गुरुजीनं आदी सोता वाचलं आन् मला म्हन्ले, "कडूबाई, ह्ये तुमी एकल्याच आयका." मी म्हन्लं, न्हाई. त्यानं चार मान्सात वाचा म्हनून लिव्हलंय, तसंच वाचा.

धुरपताला बोलवाया मीच गेले. दोन सालात तिच्या दारात पाय टाकला नव्हता. ती गहू निवडायला बसली व्हती. म्हन्ली, "आता आजून काय ऱ्हायलंय?" मी म्हन्लं, तुजं हाय त्ये द्यायला आले, चल.

मारुतीच्या पारावर वाचलं. निम्मं गाव व्हतं. गुरुजी मधीच थांबले, त्येनी पानी पेऊन परत वाचलं.  वाचून झाल्यावर हे उठले आन् शेताकडं गेले, दोन दिस घरला आले न्हाईत. मी भाकर तितंच धाडली.

मी समद्यांसमोर धुरपताच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय मागं घेतले. म्हन्ली, "कडू, तू बोटं मोडलीस तवाच मला ठाव व्हतं, माज्या पोरानं न्हाई केलं. पन तुजं लेकरू गेलं व्हतं. म्हनून मी तुला उलटून बोलले न्हाई." मंग तिनंच मला उटवलं. तिच्या पदराला गव्हाचा कोंडा लागला व्हता, त्येच्यानंच तोंड पुसलं माजं.

आता तू आयक.

दार लावलंस, वारं व्हतं. त्ये मी एक डाव समजून घीन. खोटं बोललास, भ्यालास. मान्साला भ्या वाटतं, त्येबी घीन कदी तरी. पन त्यो म्हन्ला, डोकं लय दुखायलंय. आन् तू म्हन्लास, सोस. त्ये मला गिळत न्हाई, लिंबाजी. जेवाया बसले की त्येच आडकतं. तुजं समदं पत्र मी इसरून जाईन, पन त्येवढं कसं इसरू?

भुजंगाला घिऊन ये. दिस कळव. शेलूच्या टेसनावर मी आन् धुरपता गाडी घिऊन येतो. तू खाली उतरू नको. डब्यातच बस. तुजं तोंड बघाया मी आजून तयार न्हाई. कवा व्हईन त्ये मला ठाव न्हाई.

कडू


जालना, ३० मार्च १९४५

आक्का,

तू सांगितलंस तसं केलं. मी डब्यातून उतरलो नाही. गाडी जालन्याला आली तिथं उतरलो, आणि स्टेशनावरच बसून हे लिहितोय. उद्या मंठ्याच्या रस्त्यानं जिंतूरला जातो. अमीन कचेरीत आधीचा जबाब खोटा होता म्हणून नवा लिहून देणार आहे. त्यात भुजंगाचं नाव साफ होईल. माझं पुढं काय करायचं ते कचेरी ठरवील. आबासाहेबांनाही भेटून सांगेन, त्यांनी दार बंद केलं तर बाहेरून सांगेन.

भुजंग प्रवासभर दरवाज्याजवळ बसला होता. खिडकीजवळ जागा होती, मी दोनदा म्हणालो, पण तो वाऱ्यातच बसला.  पूर्णेला त्यानं फुटाणे घेतले आणि निम्मे माझ्या हातावर ठेवले. परभणी गेल्यावर म्हणाला, "मास्तर, आई मला वळखंल का?" मी म्हणालो, ओळखील. त्यानं तोंड धुतलं, केसाला पाणी लावलं, सदऱ्याची बटणं सोडून पुन्हा लावली.

शेलूला ऊन वर आलं होतं. मी खिडकीच्या कडेला सरकून बसलो, मी दिसू नये पण मला दिसावं असा. धुरपताबाई डब्याडब्यातून बघत पुढं आली आणि भुजंगाच्या अंगावरून पुढं निघून गेली. मिशीमुळं तिला कळलंच नाही. तो "आई" म्हणाला तो आवाज गर्दीत विरून गेला. तू मागून येत होतीस. तू त्याला ओळखलंस. त्याचं कोपर धरलंस आणि "धुरपता, हिकडं," म्हणून ओरडलीस. तुझा आवाज मी दोन वर्षांनी ऐकला.

धुरपताबाई आली आणि फलाटावर मटकन खालीच बसली. तो वाकला तर तिला उठता येईना, म्हणून तोही तिच्याजवळ खाली बसला. ती त्याच्या तोंडावरून, मानेवरून, पाठीवरून हात फिरवत होती. चाबकाचे वळ शोधत असेल. तू बाजूला उभी होतीस. तू वाळलीस, आक्का.

मग तूही त्याच्यापुढं उकिडवी बसलीस. त्याचे दोन्ही हात हातात घेतलेस, उलटे करून तळवे बघितलेस. कामाचं काळं वंगण कातडीत कायमचं बसलंय त्याच्या. तू अंगठ्यानं ते पुसून बघितलंस. नंतर त्याच्याजवळ तोंड नेऊन त्याला काहीतरी विचारलंस.

मला ऐकू आलं नाही. गार्डची शिट्टी झाली होती, लोक चढत होते.  भुजंगानं मूठ कानाशी नेली, मुंजाजी पाना कानाला लावायचा तशी, आणि सावकाश सांगायला लागला. तू मान हलवत ऐकत होतीस. त्याचं सांगणं संपायच्या आत गाडी हलली.

लिंबाजी